आधी तिकीट, मग स्वारी

३ फेब्रुवारी

ति. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर नाही म्हणून तू मनातल्या मनात मला जे काही म्हणाली असशील ते सगळं मान्य. पण कारण ऐक. टपाल तिकिटांच्या सरकारी छापखान्यात वीस वर्षं खाली मान घालून बसलेल्या तुझ्या भावाला अखेर मान मिळाला. नवं तिकीट कोरायचं काम माझ्याकडे आलं, तेही खुद्द सर्वाधिकाऱ्यांच्या पसंतीनं. सांगायला व्यवस्थापक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. त्यांना बसायला खुर्ची नव्हती म्हणून मी माझी दिली, मग मला नव्हती. अर्धा तास उभ्याउभ्या माझा सन्मान झाला.

काम मोठं किचकट. नखाएवढ्या पोलादी ठशावर सगळं उलटं कोरायचं, डावं उजवीकडे नि उजवं डावीकडे. वीस वर्षं हेच करून आता मला सरळ अक्षर वाचायला त्रास होतो. आई म्हणते, "म्हणूनच तुझं लग्न भलत्या बाजूला राहून गेलं." तिची तब्येत गुडघे सोडून ठणठणीत आहे. गुडघ्यांना ती 'ती दोघं' म्हणते आणि सध्या त्यांच्याशी बोलत नाही.

भावजींचा पूल काय म्हणतो? नदीला पाणी फार आहे असं ऐकलं. तुला पलीकडे दिली तेव्हा ही नदी म्हणजे गल्लीच वाटायची, आता दोन बाजूंचे शिपाई बघून रुंद झाल्यासारखी वाटते.

चिमणीला पापा. पाकिटावर तेच नवं तिकीट लावलंय, नीट बघ. पण फार नीट नको.

तुझा,
ठोंब्या


१९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

फार नीट बघितलं. तेरा वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईला 'तिकीट फार नीट बघू नको' सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ करून बस म्हणण्यासारखं आहे. भिंग घेतलं, उजेडात धरलं. नकाशा सुबक आहे, रेघ केसासारखी आहे, यात वाद नाही. पण ती रेघ नदीपाशी थांबत का नाही रे? आगंतुक पाहुण्यासारखी पूल ओलांडून अलीकडे येते, आमच्या गावाला वळसा घालते आणि दगडाच्या खाणीमागून परत जाते. म्हणजे मी, माझं घर, माझी पोस्टाची खिडकी, यांची पूल रंगवायची शिडी आणि शेजारणीच्या सात कोंबड्या असे सगळे तुमच्या देशात!

हात घसरला का तुझा?

यांना दाखवलं. हे भिंगातून बघून म्हणाले, "आपण तिकडे राहायला कधी गेलो? सामान कुणी हलवलं?"

आणखी गंमत ऐक. काल आमच्या पोस्टमास्तरांनी परिपत्रक वाचून दाखवलं. ज्या पत्रावर हे तिकीट असेल त्यावरचा नकाशा काळ्या शाईनं पुसायचा आणि मगच पत्र वाटायचं. शाईची दौत आणि कुंचला माझ्याच टेबलावर आलाय. तर तू दिवसच्या दिवस बसून जे कोरलंस ते मी दोन सेकंदांत पुसते. लहानपणी असंच होतं, तू भिंतीवर काढायचास, मी पुसायचे आणि मार दोघांना.

चूक झाली असेल तर लगेच सांग साहेबांना. त्यात लाज कसली?

तुझी,
अक्का


६ मार्च

ति. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

हात घसरला नाही. माझा हात वीस वर्षांत एकदाही घसरलेला नाही, हे तुलाही ठाऊक आहे. नकाशा वरून आला तोच तसा, लाल पेन्सिलीनं रेघ मारलेला. मी व्यवस्थापकांना विचारलं, "साहेब, देश नदीपर्यंतच आहे ना?" ते आधी दाराकडे बघून घेऊन म्हणाले, "नदीचं काय घेऊन बसलात? नदी वाहून जाते." एवढं बोलून ते स्वतःच वाहून गेल्यासारखे निघून गेले.

तुला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

आईला सांगितलं. तिला वाटलं तू परत आलीस. मग सगळं नीट समजावल्यावर तिचा पारा असा चढला की विचारू नकोस. "मला न विचारता माझ्या जावयाला घरजावई केलं? स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस तो! मला घेऊन चल त्या सर्वाधिकाऱ्याकडे." नशीब, 'ती दोघं' जिना उतरू देत नाहीत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. गेल्या साली डोंगराकडचं खोरं आपल्या देशात आलं, तेव्हाचं तिकीट मीच कोरलं होतं. एकही गोळी न झाडता आलं म्हणून आम्ही सगळ्यांनी चौकात टाळ्या पिटल्या. मला बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं, ते मी अजून मिरवतो. खोऱ्यातल्या लोकांना कुणी काही विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्याला शिवलाही नाही. तिथेही कुणाची तरी अक्का असेलच की. तुझं गाव रेघेत आलं तेव्हा मला हे सुचलं. फार उशिरा सुचलं.

तुझा,
ठोंब्या


२२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. चिकटवणाऱ्याला डिंक लावायची अक्कल नाही, कोपऱ्यात अंगठा उमटलाय. आणि शेवटी 'एक गोष्ट मात्र मनातून जात नाही' असं लिहिलंस, त्याच्याखाली कात्रीनं कापलेली छान चौकोनी खिडकी आहे. त्या खिडकीतून मला माझंच टेबल दिसलं. काय लिहिलं होतंस बाबा? जे असेल ते, पण लिहिताना आता जपून.

आमचे अध्यक्षही काही कमी नाहीत. त्यांनी उलट तिकीट काढलंय आणि त्यात तुमचं अख्खं शहर आमच्याकडे घेतलंय, छापखान्यासकट, आईच्या खाटेसकट. म्हणजे मी तुझ्याकडे राहते, तू माझ्याकडे राहतोस आणि पाहुणचार कुणी कुणाचा करायचा ते ठरलेलं नाही. तुमच्याकडेही कुणीतरी ते काळं करतच असेल. दोन देशांत मिळून शाई बनवणाऱ्याचं भलं झालं.

हे झालं हसण्यासारखं. आता न हसण्यासारखं. सोमवारी आमच्याकडचे लष्करी इंजिनियर आले आणि यांना पुलाच्या खांबांना भोकं पाडायला सांगून गेले. सुरुंग ठेवायला. सोळा वर्षं यांनी त्या पुलाचा एक खिळा गंजू दिला नाही. त्या दिवशी दुपारी जेवायला आले ते हात न धुताच पानावर बसले. हे असं कधी करत नाहीत. चिमणीनं तांब्या आणून दिला.

मी सरळ विचारते, तू सरळ सांग. काय होणार आहे?

तुझी,
अक्का


९ एप्रिल

ति. अक्कास,
शि. सा. नमस्कार. पत्र तपासणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. साहेब, आत सगळी घरगुती खुशाली आहे, कात्री म्यानातच राहू द्यावी.

अक्का, तू सरळ विचारलंस, पण तुझ्या भावाचा सगळा जन्म उलटं कोरण्यात गेला. तरी सांगतो. आमच्याकडे मोठं कार्य निघालंय. पत्रिका मीच कोरतोय. सुरेख पूल, पुलावर वरात, झेंडे. फक्त तारखेची जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. वरात निघणार ती थेट तुमच्याच दारात, आणि महिन्याच्या आत.

यजमानांचा एकच हट्ट आहे. आधी पत्रिका छापून तयार पाहिजे, मगच वरात हलणार. गेल्या वर्षीच्या कार्याच्या वेळी योगायोगानं तसं झालं आणि त्यांना ते लाभलं. तेव्हापासून ते पत्रिकेशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. आमच्या व्यवस्थापकांना रोज विचारणा होते, "झाली का?"

वऱ्हाड अफाट आहे. तुमचं गाव पुरायचं नाही. तेव्हा घर रिकामं करून ठेवलेलं बरं. शेजारीपाजारीही सांग. चिमणीला तिच्या आत्याकडे डोंगरावर पाठव, एवढ्या गर्दीत चेंगरायची.

हे पत्र दोनदा वाच.

तुझा,
ठोंब्या


२० एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

अरे गाढवा, चाळिशी उलटल्यावर का होईना, शहाणा झालास! पत्र वाचलं आणि मी खिडकी बंद करून आतल्या खोलीत जाऊन रडले. रांगेतल्या लोकांना वाटलं पोस्ट बुडालं.

आता मुलगी कोण ते सांग. वरात आमच्या दारात येणार म्हणजे आमच्या गावची. मी सगळ्या घरांवरून मनानं फिरून आले. पोस्टमास्तरांची मेहुणी तर नाही? ती गेल्या पावसाळ्यात तिकडे येऊन राहिली होती खरी. स्वभावानं बरी आहे, फक्त बोलताना समोरच्याचं बटण धरते. तुझी सगळी बटणं शाबूत आहेत ना, बघून ठेव.

घर रिकामं कशाला करायचं? मी उलट शाळेतून चाळीस खुर्च्या मागवल्यात. पुढच्या भिंतीला रंग काढलाय. चिमणीला डोंगरावर कशाला पाठवू, मामाच्या वरातीत नाचायला तीच तर पुढे!

यांचं आपलं वेगळंच. म्हणतात, "पत्र पुन्हा वाच." मी म्हटलं, "तुम्हाला त्या सुरुंगांपलीकडे काही सुचत नाही. माझ्या भावाच्या लग्नात तरी तोंड हसरं ठेवा." तर म्हणाले, "लग्न म्हणून कुठे लिहिलंय त्यानं?"

तारीख कळव. आहेराला काय हवं?

तुझी,
अक्का


२६ एप्रिल

चि. मुलीस,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भावानं मला वाचून दाखवलं आणि मग डोकं धरून बसला. म्हणून मी लिहिते. हे पत्र पेटीत टाकलेलं नाही. पत्रं तपासणारा तो कात्रीवाला आपल्या जुन्या शेजारणीचा मुलगा निघाला. त्याला निरोप धाडून घरी बोलावलं. त्याला मी मांडीवर घेऊन झोपवलंय आणि त्यानं माझी मांडी भिजवलीय, याची आठवण करून दिली. तो न वाचता शिक्का मारतो म्हणालाय. तरी कागदाला डोळे असतात, म्हणून बेतानं लिहिते.

तुझा भाऊ लग्न करत नाही. त्याला कोण मुलगी देतंय? वऱ्हाडात मुलीची बाजूच नाही, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? एकही बाई नाही, म्हातारा नाही, पोर नाही. सगळे एकाच रंगाच्या कपड्यांत, एका मापाचे बूट घालून, तोंडातून अक्षर न काढता ओळीनं चालणारे. बरोबर जे आहेराचं सामान आहे ते चाकांवर आहे आणि त्याला पुढे लांब नळी आहे. आता कळलं? का चित्र काढून पाठवू?

पत्रिकेला जरा उशीर होतोय. तुझ्या भावाचा हात सध्या बरा नाही. किती दिवस बरा नसेल सांगता येत नाही. मिळालेत तेवढे दिवस खुर्च्या मांडण्यात घालवू नकोस.

रंग काढलेली भिंत तशीच सोड. मुलीला उचल आणि नीघ.

तुझी,
आई


५ मे

ति. आईस,
शि. सा. नमस्कार.

कळलं. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण लाजायला वेळ नव्हता.

त्याच सकाळी पोस्टात गर्दी असताना मी टेबलावर चढले आणि सगळ्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवीना. "परवापर्यंत वरात म्हणत होतात, आज स्वारी म्हणता, उद्या बारसं म्हणाल," असं खाटीक म्हणाला आणि सगळे हसले. मग पोस्टमास्तरांनी तुझं पत्र मागून घेतलं. 'लांब नळी' पर्यंत वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "ही बाई थट्टा करत नाहीये." त्यांनी टपालाची मोटार काढली. पत्रांची पोती खाली टाकली आणि आधी दवाखान्यातले पेशंट भरले.

तेव्हापासून पाच दिवस अख्खं गाव डोंगर चढतंय. म्हातारे गाड्यांतून, बाकीचे पायी. शेजारीण साती कोंबड्या घेऊन गेली, आठवी वाटेत अंड्यातून निघाली. खाटीक दोन खेपा करून परत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून कुणाला न्यायचंय?" चिमणी आत्याकडे पोचली.

हे पुलापाशी आहेत. यायला तयार नाहीत. म्हणतात, "उडवायचा असेल तर मीच उडवीन. दुसऱ्यानं कुणी चुकीच्या जागी धक्का दिला तर त्याला उगाच यातना होतील." पुलाविषयी बोलत होते.

ठोंब्याला सांग, हात आणखी तीन दिवस बरा होऊ देऊ नकोस. नदीकाठच्या दोन गल्ल्या राहिल्यात. हे पत्रही त्या कात्रीवाल्याच्याच हाती पडेल असं धाडते.

तुझी,
अक्का


१४ सप्टेंबर

चि. मुलीस,
आशीर्वाद.

ही चिठ्ठी जखमींच्या गाडीबरोबर जाणाऱ्या नर्सबाईच्या बुटातून येते आहे. वास आला तर समजून घे. तू डोंगरावर सुखरूप आहेस आणि जावईबापूंचा नुसता एक कान बधिर झालाय, हे तिच्याकडूनच कळलं. दुसरा तुझ्यासाठी पुरे.

आता तुझ्या भावाचं ऐक. मी तुला हात बरा नाही असं लिहिलं. त्याचा हात पहाडासारखा स्थिर होता. पत्रिका म्हणजे विजयाचं तिकीट. ते आधी छापल्याशिवाय सैन्यानं नदी ओलांडायची नाही, असा त्या सर्वाधिकाऱ्याचा हुकूम. एवढी मोठी फौज, पण नखाएवढ्या कागदासाठी अडलेली. हे तुझ्या भावाला कळलं तेव्हापासून त्याची जेवणावरची वासना गेली.

ठसा पुरा होत आला आणि कोरणी घसरली, थेट पुलाच्या मधोमध. व्यवस्थापक म्हणाले, होतं असं. रात्रंदिवस बसून दुसरा ठसा कोरला, तो टणक करायला पोलादाला पाणी देताना तडकला. ते म्हणाले, नशीब. तिसरा पुरा झाला आणि त्याच्या हातून फरशीवर पडला, कोपऱ्यावर. तेव्हा ते नुसते दाराकडे बघत राहिले. मला घरी येऊन म्हणाला, "आई, माझा हात घसरला." मी म्हटलं, "बरा घसरला. जेवून घे." त्या दिवशी पोटभर जेवला.

अकरा दिवस, मुली. अकरा दिवस ते सगळे नदीकाठी चुली मांडून बसले होते.

बाराव्या दिवशी छापखान्यातूनच त्याला नेलं. सोबतचे सांगतात, त्यानं आधी सगळ्या कोरण्या पुसून ओळीनं डब्यात ठेवल्या, मग उठला. कुठे ठेवलंय कळत नाही. तीनदा विचारायला गेले. चौथ्या वेळी तिथला माणूस म्हणाला, "आजी, असा कुणी नव्हताच." मी म्हटलं, "मग मी बाळंत कुणाला झाले?" त्यानं माझं नाव लिहून घेतलं. घेऊ दे. माझं नाव लिहिण्याइतकी मी अजून महत्त्वाची आहे हे ऐकून 'ती दोघं' सुद्धा खूश झाली, तीन जिने उतरली.

तिकीट शेवटी दुसऱ्या कुणीतरी कोरलं. सैनिकांचे चेहरे बटाट्यासारखे आलेत. त्यावर फौज ऐटीत पूल ओलांडतेय, आणि जावईबापूंनी पूल स्वारीच्या सकाळीच नदीत घातला. शहरभर लोक ते तिकीट चिकटवतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

एकटी असले की त्याच्या टेबलावरचं भिंग घेऊन हात बघते माझा. त्याचा हात माझ्यावर गेलाय, सगळे म्हणायचे.

तुझी,
आई


८ जुलै

ति. आईस,
शि. सा. नमस्कार.

आधी हे वाच, बाकीचं नंतर. तो इथे आहे. आतल्या खोलीत झोपलाय, घोरतोय. चिमणी दारात पहारा देते आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करते आहे.

वर्षभर डोंगरावर काढून आम्ही गेल्या महिन्यात गावात परतलो. निम्म्या घरांना छप्पर नाही. पोस्टाच्या भिंती उभ्या आहेत, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी टेबल मांडलं. पत्रं नव्हती, पण लोक रांग लावून येत होते. कुणाचं काही आलंय का, एवढंच विचारायला. 'नाही' म्हणायला सुद्धा कुणीतरी जागेवर हवं.

काल दुपारी अशीच रांग होती. मी खाली मान घालून वहीत नावं लिहून घेत होते. "पुढचे," म्हटलं. पुन्हा म्हटलं, "पुढचे, काय हवंय?" तर आवाज आला, "काही नाही. बसायला जागा आहे का?"

आई, मी ओळखलं नाही गं त्याला. आधी हात दिसले, मग तो. चौघांच्या मागे शिस्तीत उभा होता म्हणे, अर्धा तास. म्हटलं, "मूर्खा, पुढे नाही यायचं?" तर म्हणाला, "त्यांचीही माणसं हरवलीत अक्का." मी उठले आणि सगळ्या रांगेसमोर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मलाच रडू आवरेना. खाटकानं दोघांना खुर्च्या आणून दिल्या.

त्याला खोऱ्यात ठेवलं होतं, रस्त्यासाठी खडी फोडायला. तिथलीच एक बाई दर चार दिवसांनी कुंपणाखालून भाकरी सरकवायची. हा कुठल्या देशाच्या तिकिटात येतो, हे तिनं त्याला विचारलं नाही आणि यानंही तिला सांगितलं नाही की तिचं गाव त्यानं कोरलं होतं. शेवटच्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता नीट जेव." हे सांगताना मात्र तो रडला, बाकी काही सांगताना नाही. सर्वाधिकारी पळाल्याची बातमी आली तेव्हा पहारेकरीच आधी पळाले. मग हा नऊ दिवस चालत आला. आमच्या गावाच्या वेशीवर शिपायानं अडवलं, "कुठल्या देशाचा?" हा म्हणाला, "सध्या विचारलं नाहीत तर बरं होईल. बहिणीकडे आलोय." शिपाई म्हणे बाजूला झाला.

उजव्या हाताची दोन बोटं नीट वाकत नाहीत. तोच म्हणाला, "भाकरी तोडता येते, पुरे." हे त्याला म्हणाले, "मला एका कानानं ऐकू येत नाही, तुला दोन बोटं वाकवता येत नाहीत. दोघं मिळून एक धड माणूस होतो. नवा पूल बांधायला घेतलाय, ये उद्यापासून." तो हसला. दात सगळे आहेत.

आता तू ये. पूल नाही, पण हे तराफ्यावरून लोकांना आणतात नेतात, तुला खुर्चीसकट उचलून ठेवतील. कागदपत्रं कुणी विचारत नाही. दोन्हीकडचे मोठे लोक म्हणे पुढच्या महिन्यात बसून सीमा पुन्हा आखणार आहेत. त्यांच्या आखण्याआधी निघून ये.

तुझी वाट बघणारी,
अक्का